कोल्हापूर ते लाइपझिग : ऋतूंच्या सोबतीने चाललेले उपासनेचे वर्ष

कोल्हापूर, मिरज, सांगली या भागातून जर्मनीला परिचारिका म्हणून जाणाऱ्या मुलींची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे आणि त्यांतल्या पुष्कळ जणी आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतल्या असतात. भाषा, व्हिसा आणि पगार यांविषयी सांगणारे त्यांना अनेक जण भेटतात. मात्र तिथला हिवाळा मनावर काय करतो आणि त्या दिवसांत श्रद्धेला कशाचा आधार सापडतो, याविषयी मला जाण्यापूर्वी कोणी काही सांगितले नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये मी जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातल्या लाइपझिगला गेले. आता रजेवर घरी आले असताना, यंदाच्या शरद ऋतूत निघणाऱ्या मुलींसाठी हा अनुभव क्रमाने लिहून ठेवत आहे.

तयारी २०२३ च्या सुरुवातीला सुरू झाली. जर्मन भाषेची बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी स्वतंत्रपणे बोलता-लिहिता येण्याची, पातळी पूर्ण होईपर्यंत वर्ष सरले. शिकवणी, परीक्षेची फी आणि पुण्यातले राहणे धरून सव्वा लाखाच्या आसपास खर्च आला. त्याच काळात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, गुणपत्रके, अभ्यासक्रमातील विषयवार तासांचा तक्ता आणि अनुभवाचे दाखले जमवून त्यांचे शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावे लागले. माझ्या शिक्षणाला जर्मनीत मान्यता मिळवण्याची पुढची जलद प्रक्रिया मला नोकरी देणाऱ्या तिथल्या रुग्णालयाने सुरू केली आणि तिचे ४११ युरोही रुग्णालयानेच भरले. व्हिसाचे ७५ युरो माझे मी भरले. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगते : नोकरी लावून देण्यासाठी परिचारिकेकडून लाखो रुपये मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे, कारण भरतीचा खर्च मालकाने उचलावा हीच तिथली मान्य रीत आहे.

कागद जमवतानाच पाळकसाहेबांकडून, म्हणजे आपल्या चर्चच्या धर्मगुरूंकडून, बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (मोठेपणी श्रद्धा जाहीरपणे पक्की केल्याचा) दाखला घ्यावा आणि इतर कागदांबरोबर त्यांचेही भाषांतर करून घ्यावे. माझ्या यादीत हे दाखले नव्हते, आईच्या आग्रहामुळे ते घेतले गेले आणि पुढे सर्वांत आधी तेच उपयोगी पडले.

कागद रवाना झाल्यावर नुसती वाट पाहण्याचे महिने आले. मिरजेला रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने कोल्हापूरला परतताना मी बायबलमधले १३० वे स्तोत्र वाचत असे. पहारेकरी पहाटेची जितक्या आतुरतेने वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असे त्यात म्हटले आहे. रात्रपाळी करणारीला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, असे तेव्हा मला वाटत होते. परंतु ते वाचताना माझ्या मनात असलेली पहाट कोल्हापूरची होती, जी बाराही महिने सहा-सातच्या सुमारास ठरल्याप्रमाणे येते. व्हिसाच्या आधी आलेल्या मान्यतेच्या पत्रात माझ्या शिक्षणातील 'उणिवांची' यादी होती आणि परिचारिकेचा परवाना मिळण्यासाठी तिथे तयारीचा वर्ग करून ज्ञानपरीक्षा द्यावी लागेल असे कळवले होते. सहा वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेल्या मुलीला ते पत्र वाचून वाईट वाटले. हे पत्र जवळजवळ सर्वांनाच येते, म्हणून त्याने खचून जाऊ नये.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे 'प्रोटेस्टंट' या अर्थाचा पर्याय निवडला की आपण तिथल्या प्रादेशिक मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सभासद मानले जातो आणि पगारातून चर्चकर कापला जातो. सॅक्सनी राज्यात तो आयकराच्या नऊ टक्के असतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग येथे आठ टक्के. परवाना मिळण्यापूर्वीच्या माझ्या पगारात ही रक्कम महिना वीस-पंचवीस युरो होत असे. काही मैत्रिणींनी रकाना रिकामा ठेवण्याचा सल्ला दिला होता. हा निर्णय प्रत्येकीने आपल्या परिस्थितीप्रमाणे घ्यावा. मी तो रकाना भरला, कारण कोल्हापुरात बाबांनी कधी वर्गणी चुकवली नाही आणि परक्या गावात आपल्याला एक मंडळी असावी अशी माझी गरज होती. काही आठवड्यांनी घराजवळच्या मंडळीचे स्वागतपत्र आले. मी दाखले घेऊन गेले, तेव्हा पाळकबाईंनी ते काळजीपूर्वक वाचून कोल्हापूर नकाशावर कुठे आहे ते विचारले.

आमची मंडळी अमेरिकन मिशनच्या परंपरेतून वाढलेली आहे. १८५२ मध्ये मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासूनचा हा वारसा. या परंपरेत वचन आणि प्रवचन यांवर भर असतो. नाताळ, दुःखसहनाचा आठवडा आणि पुनरुत्थानाचा दिवस आम्ही मनापासून पाळतो, पण बाकीचे उपासनावर्ष, म्हणजे चर्चच्या सणांचे आणि काळांचे वर्षभराचे चक्र, माझ्यासाठी दिनदर्शिकेतल्या तारखांपलीकडे फारसे नव्हते. ते वर्ष ऋतूंशी किती घट्ट बांधलेले आहे, हे मला लाइपझिगच्या पहिल्या तीन महिन्यांत कळले.

६ ऑक्टोबरला कापणीच्या उपकारस्तुतीचा रविवार होता. वेदीसमोर भोपळे, सफरचंदे, गव्हाच्या पेंढ्या आणि भाकऱ्यांएवढे मोठे पाव रचले होते. आमच्याकडे त्या दिवशी तांदूळ, नारळ, कोंबड्या येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, त्यामुळे हा सण ओळखीचा वाटला. त्यानंतर मात्र सगळे झपाट्याने बदलू लागले. २७ ऑक्टोबरला घड्याळे एक तास मागे गेली आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून दुपारी चारनंतर दिवे लावावे लागू लागले. झाडांची पाने गळून रस्त्यांवर ओला थर साचला. झोप पुरेशी होऊनही थकवा जाईना, भूक मंदावली आणि कोणाशी बोलू नये असे वाटू लागले. ही श्रद्धेची कमतरता आहे असे कोणीही मानू नये. डॉक्टरांनी रक्त तपासले, ड जीवनसत्त्व कमी आढळले आणि त्यावर औषध सुरू झाले. माझा अनुभव असा की पहिल्या महिन्यातच तपासणी करून घ्यावी, दुपारी ढगाळ असले तरी अर्धा तास बाहेर चालावे आणि जाड कोट कोल्हापुरातून न नेता तिथेच, वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात घ्यावा. तिथे चांगला कोट तीस-चाळीस युरोत मिळतो आणि तो तिथल्या थंडीसाठीच शिवलेला असतो.

नोव्हेंबरात सॅक्सनीमध्ये पश्चात्ताप आणि प्रार्थनेच्या बुधवारी सार्वजनिक सुट्टी असते. जर्मनीच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात ती आता उरलेली नाही. त्यानंतरच्या रविवारी, २४ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाची उपासना होती. १८१६ मध्ये प्रशियाच्या राजाने हा दिवस ठरवून दिला आणि उपासनावर्षाचा तो शेवटचा रविवार असतो. वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावे वाचली जातात आणि प्रत्येक नावासाठी एक मेणबत्ती लावतात. पाळकबाईंनी आदल्या आठवड्यातच सांगितले होते की, दूर देशी वारलेल्या आपल्या माणसांची नावे कोणाला द्यायची असतील तर द्यावीत. माझी आजी मी निघण्याच्या आदल्या वर्षी गेली. मी तिचे नाव रोमन लिपीत लिहून दिले. उपासनेपूर्वी त्यांनी मला आत बोलावले, ते नाव माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले आणि कोणते अक्षर लांबवायचे, कुठे थांबायचे, याच्या खुणा पेन्सिलीने कागदावर केल्या. पुढे ओळीने जर्मन नावे वाचली गेली आणि त्यांच्यामध्ये आजीचे संपूर्ण मराठी नाव, बाबांच्या बाबांच्या नावासह, त्या थंड दगडी इमारतीत नीट उच्चारले गेले. मी पुढे जाऊन मेणबत्ती लावली. बाहेर सगळी झाडे निष्पर्ण झाली असताना मंडळी आपले वर्ष मरणाच्या उघड उल्लेखाने संपवते, त्या उल्लेखाला घाबरत नाही आणि त्यापुढे अनंतकाळच्या आशेची वचने वाचते, हे पाहून मला फार धीर आला. रुग्णालयात मरण रोज दिसते, पण त्याच्यासाठी वर्षात राखून ठेवलेली जागा मी प्रथमच पाहत होते.

पुढच्याच रविवारी, १ डिसेंबरला, नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ सुरू झाला. म्हणजे उपासनेचे नवे वर्ष सर्वांत गडद आठवड्यांत उजाडते, आणि तेही केवळ वाट पाहण्याने. सदाहरित फांद्यांच्या चक्रावर चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एक जास्त पेटते. ही रीत योहान हिनरिख व्हिखर्न यांनी १८३९ मध्ये हॅम्बुर्गमधल्या अनाथ मुलांच्या आश्रमात सुरू केली. नाताळ कधी येणार असे मुले सारखे विचारत, म्हणून त्यांनी लाकडी चाकावर रविवारांच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या. अंधार वाढत असतानाच्या चार आठवड्यांत दिवे वाढवत न्यायचे, हा त्यातला विचार मला रात्रपाळीला जाताना रोज दिसत असे, कारण लाइपझिगच्या घराघरांच्या खिडक्यांत लाकडी कमानीवरचे दिवे लागलेले असतात. ही कमान एर्झगेबिर्गे या खाणींच्या डोंगराळ भागातून आली आहे. तिथले खाणकामगार हिवाळ्यात उजाडण्यापूर्वी खाली उतरत आणि मावळल्यावर वर येत, त्यामुळे त्यांना दिवसाचा उजेड दिसतच नसे. खिडकीतला दिवा हाच त्यांचा उजेड. डिसेंबरच्या शेवटी लाइपझिगला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि सूर्य आठनंतर उगवतो. रात्रपाळी सकाळी संपवून मी काळोखातच घरी येई आणि पडदे ओढून झोपे. जागी होईपर्यंत सूर्य कलायला लागलेला असे. १३० वे स्तोत्र मी त्या दिवसांत पुन्हा वाचू लागले. पहारेकऱ्याची पहाट उशिरा येऊ शकते, इतकी उशिरा की तिच्यावरचा भरवसा हेच दिवसाचे काम होऊन बसते, हे मला तिथे शिकावे लागले. प्रकाश अंधारात प्रकाशतो आणि अंधाराने त्याला ग्रासले नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानाचे म्हणणे मी लहानपणापासून पाठ म्हणत आले होते. त्यातल्या अंधाराची जाणीव मला त्या डिसेंबरपर्यंत नव्हती.

नाताळात काम होते. चोवीसच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईने गल्लीतल्या बांबूच्या कामट्यांच्या चांदण्या दाखवल्या. मी माझ्या खिडकीतली हर्नहुट गावची कागदी चांदणी दाखवली. पंचवीस टोकांची ही चांदणी सॅक्सनीतल्याच मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीकडून आलेली आहे.

जानेवारी वर्गात आणि वॉर्डात गेला. २ फेब्रुवारीला, नाताळानंतर चाळीस दिवसांनी, येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण येतो आणि अनेक घरांतले नाताळचे दिवे त्या दिवशी उतरतात. तोपर्यंत दिवस तासाभराहून अधिक वाढलेला असतो. म्हाताऱ्या शिमोनाने बाळाला हातांत घेऊन प्रकाशाविषयी गाइलेले गीत त्या दिवशी वाचले जाते.

पुनरुत्थानाच्या सणाआधीचा लेंटचा उपवासकाळ ५ मार्चला सुरू झाला. या काळाचा अर्थ मला कळला तो एका द्राक्षबागेत. लाइपझिगपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर झाले-उनस्ट्रुटचा द्राक्षपट्टा आहे. २०२५ मध्ये ५८ युरोंना असलेल्या मासिक देशव्यापी तिकिटावर तिथे वेगळे पैसे न देता जाता येत असे. मंडळीतल्या एका बाईंच्या भावाची फ्रायबुर्गजवळच्या उतारावर छोटी बाग आहे आणि त्यांनी मार्चच्या शेवटच्या शनिवारी आम्हाला छाटणीला बोलावले होते. दगडी बांधांच्या पायऱ्यांवर वेली उभ्या होत्या. पाने नाहीत, कोंब नाहीत, तपकिरी सुकल्यासारखी काटकुळी खोडे. गतवर्षीच्या वाढीतली एक चांगली काडी ठेवायची आणि बाकी जवळजवळ सगळे कापून टाकायचे, असे त्यांनी दाखवले. जमीन ऊबदार होऊ लागल्यामुळे ताज्या कापातून पाणी ठिबकत होते. मी बोट लावून पाहिले. ते स्वच्छ, बेचव पाणी होते. वेल जिवंत असल्याची तीच खूण आहे, असे ते म्हणाले.

माझ्या मामाची तासगावला द्राक्षबाग आहे. रात्री त्याला फोन करून सगळे सांगितले तेव्हा त्याला नवल वाटले ते वर्षातून एकदाच छाटणी होते याचे. तासगावला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. "आपल्याकडं वेल निजतच न्हाई गं," मामा म्हणाला, "थंडी त्याला निजवत न्हाई, म्हणून दोनदा कापाय लागतंय." जर्मनीत वेलीला विश्रांती द्यायला हिवाळा असतो, तासगावला ते काम माणसाच्या कात्रीला करावे लागते. योहानाच्या पंधराव्या अध्यायात पिता हा माळी आहे आणि ज्या फांदीला फळ येते तिला तो अधिक फळ यावे म्हणून छाटून साफ करतो, असे येशू म्हणतो. कात्री लागते ती फळ देणाऱ्या फांदीलाच, ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकूनही लक्षात घेतली नव्हती. 'उणिवांचे' पत्र आल्यापासून माझ्या मनात एक कडवटपणा साचला होता. सहा वर्षांच्या कामाचे मोल शून्य ठरवले गेले असे मला वाटत होते. त्या बागेतून परतल्यावर तो कडवटपणा एकदम गेला असे म्हणणार नाही, पण मी त्याला प्रार्थनेत नाव घेऊन समोर ठेवू लागले आणि परीक्षेचा अभ्यास अपमान वाटेनासा झाला. मामाच्या वाक्यानेही बरेच काही दिले. ज्या देशात थंडी विसावा लादत नाही, तिथल्या विश्वासणाऱ्याने विसाव्याचा आणि त्यागाचा काळ स्वतः ठरवून घ्यावा लागतो. आमच्या कोल्हापूरच्या मंडळीला लेंटची गरज कदाचित जर्मन मंडळीपेक्षा अधिक आहे.

२० एप्रिलला पुनरुत्थानाची उपासना पहाटे पाचला, पूर्ण काळोखात सुरू झाली. अंगणात शेकोटी पेटवली, तिच्यावरून मोठी मेणबत्ती पेटली आणि त्या एका ज्योतीवरून सर्वांच्या हातांतल्या मेणबत्त्या पेटल्या. शास्त्रपाठ चालू असताना खिडक्यांच्या काचा हळूहळू निळ्या झाल्या आणि सहाच्या सुमारास सूर्य उगवला. कोल्हापुरातही आम्ही या दिवशी पहाटेच एकत्र येतो, त्यामुळे ती वेळ माझी होती. बाहेर फुललेली चेरीची झाडे मात्र नवी होती.

ज्ञानपरीक्षा मेच्या अखेरीस झाली : तोंडी भाग, आणि वॉर्डात प्रत्यक्ष रुग्णाची देखभाल. तोंडी परीक्षेसाठी औषधांच्या नावांपेक्षा रुग्णाशी बोलण्याची वाक्ये जास्त घोटावीत. त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला की पाऊस लवकर आला आहे. २०२५ चा मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोहोचला आणि दोनच दिवसांत मुंबईपर्यंत गेला. कोल्हापुरात पेरणीपूर्व मशागतीची धांदल उडाली होती. मग ८ जूनला, मृग नक्षत्राच्या सुमारास, पेंटेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या आठवणीचा, रविवार आला. चर्चमध्ये बर्चच्या कोवळ्या फांद्या उभ्या केल्या होत्या. येशूचा शिष्य पेत्र याने पेंटेकॉस्टच्या दिवशी केलेले भाषण योएल संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायावर आधारलेले आहे, आणि देव आपला आत्मा सर्व मनुष्यांवर ओतील हे वचन त्यातलेच. मी घरी येऊन तो अध्याय मराठी बायबलमध्ये वाचला. आत्म्याच्या वचनाच्या थोडे आधी त्याच अध्यायात देव पावसाचे आश्वासन देतो, आगोटीच्या आणि वळवाच्या. टोळधाड, दुष्काळ, मग पाऊस, मग भरलेली खळी, आणि त्यानंतर आत्म्याचे ओतणे, असा तिथला क्रम आहे. आत्मा ओतला जाणे म्हणजे काय हे समजायला मला बर्चच्या फांद्यांची गरज नव्हती. मे महिन्यात रंकाळ्याच्या काठी आभाळाकडे पाहत बसलेल्या माणसांमध्ये मी वाढले आहे. पहिली सर आल्यावर दुकानदार दुकान सोडून रस्त्यावर येतात हे मी पाहिले आहे. आगमनकाळातली वाट पाहणे मी जर्मनीच्या डिसेंबरात शिकले असे मला वाटत होते. खरे तर त्या वाट पाहण्याची सवय मला घरच्या वैशाखाने आधीच लावली होती आणि मी तिला उपासनेत कधी जागा दिली नव्हती.

२४ जूनला योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा दिवस असतो आणि सॅक्सनीत त्या संध्याकाळी कबरस्तानात प्रार्थना होते. साडेसोळा तासांचा दिवस त्यानंतर आखडू लागतो. त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा, हे योहानाचे येशूविषयीचे शब्द तिथे वाचले गेले. सहा महिन्यांनी, दिवस वाढू लागतात तेव्हा, येशूचा जन्मदिवस येतो. ही जोडणी ख्रिस्ती धर्मशिक्षक ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकातच आपल्या प्रवचनांत दाखवली होती. कोल्हापुरात दिवस-रात्रीतला फरक इतका थोडा असतो की हे तिथे कोणाच्या लक्षात येणे कठीण आहे.

जुलैमध्ये परवान्याचे प्रमाणपत्र मिळाले, पगार वाढला आणि रजा मंजूर झाली. निघणाऱ्या मुलींना माझे सांगणे इतकेच की, पहिल्या नोव्हेंबरपूर्वी जवळची मंडळी शोधून ठेवा, भाषा अर्धवट समजत असली तरी आगमनकाळाचा एकही रविवार चुकवू नका, मराठी बायबल आणि गीतांचे पुस्तक सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा आणि रात्रपाळ्या जास्त असतील तर उपासनेच्या रविवारांसाठी पाळीची अदलाबदल महिनाभर आधी मागा, ती मिळते.

इकडे आल्यावर पाळकसाहेबांना सलाम करायला गेले तेव्हा त्यांनी तरुण संघापुढे बोलायला सांगितले. मी तिथे एक सूचना मांडली : मृगाच्या सुमारास, पेंटेकॉस्टच्या आधीच्या आठवड्यात, पावसासाठी संध्याकाळच्या प्रार्थना घ्याव्यात आणि भाताची रोपलावण सुरू झाली की एक उपासना राधानगरीकडच्या एखाद्या सभासदाच्या शेताच्या बांधावर करावी, जिथे योएलाचा दुसरा अध्याय वाचला जाईल. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी दोघांनी चिखलात म्हाताऱ्या माणसांना कसे नेणार असे विचारले, एकांनी आपले शेत देऊ केले. लेखी अर्ज द्यावा, पुढच्या बैठकीत घेऊ, असे ठरले आहे. अर्ज मी काल दिला.